एक तासाचाच तर प्रश्न होता!

"ताई, आम्ही अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर राहतो. दर रविवारी सकाळी साडेदहाला सासूबाई-सासऱ्यांना व्हिडिओ कॉल करतो. तेव्हा तिकडे रात्रीचे आठ झालेले असतात. मागच्या नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं, तरी आम्ही नेहमीसारखा साडेदहालाच फोन लावला. सासूबाई एकदम तुटक बोलल्या. 'तुमची घड्याळं तुमच्या सोयीनं हलतात, आमची झोप नाही हलत.' मला फार लागलं. आम्ही काय मुद्दाम केलं का? एक तासाचाच तर प्रश्न होता!"

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उन्हाळ्यातल्या जास्तीच्या उजेडाचा उपयोग व्हावा म्हणून अमेरिकेत मार्चमध्ये सगळी घड्याळं एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरात परत मागे आणतात.) पत्र पुढेही आहे. पाच वर्षांचा मुलगा घड्याळ बदललं की पहाटे पाचला उठून बसतो, नवऱ्याच्या मीटिंगा कोलमडतात, दुपारी साडेचारलाच अंधारून येतं, गोळ्यांच्या वेळांचं काय करायचं, असं बरंच आहे. त्याच्याकडे येईन, पण घाईघाईनेच. माझं लक्ष अडकलंय ते सासूबाईंच्या वाक्यापाशी.

ताई म्हणालीस, म्हणजे मीही सरळ 'तू' म्हणते आणि रागवायचा हक्कही घेते. तुला लागलं, ते बरोबरच आहे. इतक्या लांबून आपण आठवणीने फोन करायचा आणि समोरून असं ऐकायचं, कुणालाही लागेल. पण त्या रविवारी तिकडे काय झालं असेल, ते जरा डोळ्यांपुढे आण. नातू दिसणार म्हणून साडेसातलाच आवराआवर झालेली. चष्मे पुसून ठेवलेले, टॅब टेबलावर टेकवून ठेवलेला. आठ वाजले, फोन नाही. सव्वाआठला 'अजून आवरत असतील'. साडेआठला 'मुलाला बरं नसेल का?' पावणेनऊला मनात नको नको ते. आणि नऊला तुम्ही हसतमुखाने 'हॅलो आजी!' अमेरिकेत त्या पहाटे दोनचा एक वाजला, ही बातमी भारतात त्यांना कोण सांगणार होतं? तुमच्याकडे फोन आपोआप बदलतो, ऑफिसात, शाळेत सगळे बोलत असतात. तिकडे त्या रविवारी काहीच बदलत नाही. त्यांना फक्त एवढंच दिसलं, की पोरं तासभर उशिरा आली आणि उशीर झाला असं म्हणालीसुद्धा नाहीत. तो तुटकपणा रागाचा कमी आणि तासभर धरून ठेवलेल्या धास्तीचा जास्त असणार.

हे मी ठामपणे सांगते, कारण माझ्याच घरात हे घडलंय. मी ब्रिटनमध्ये आले तेव्हा फोन कार्डावर व्हायचे, मिनिटं मोजून. रविवारी दुपारी साडेतीनला मी फोन लावायचे, म्हणजे उन्हाळ्यात आईकडे रात्रीचे आठ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमचं घड्याळ मागे जायचं, माझे साडेतीन तसेच राहायचे आणि आईचे नऊ व्हायचे. किती वर्षं? पाच तरी. आई एका शब्दाने बोलली नाही. एकदा सुट्टीत गेले असताना बाबा सहज म्हणाले, "दिवाळीच्या सुमाराला तुझी आई एका रविवारी फोनपाशी खुर्ची ओढून बसते आणि मला पाणी प्यायलाही उठू देत नाही. दरवर्षी." मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तुझ्या सासूबाई पहिल्याच वर्षी बोलल्या, हे तुझं नशीब समज.

बाबांची तऱ्हा आणखी वेगळी. हिवाळ्यात ब्रिटन भारताच्या साडेपाच तास मागे असतं. काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की बरोबर साडेपाच तासांचा हिशोब होतो आणि तिकडची वेळ दिसते. भारतात रात्रीचे आठ वाजलेले असताना मनगट फिरवून उलटं बघ, अडीच वाजल्यासारखे दिसतील. ही युक्ती बाबांना कुणीतरी शिकवली आणि ते तिच्या प्रेमातच पडले. उन्हाळ्यात मी फोन केला की मनगट वळवून विचारायचे, "काय, अडीच वाजले ना?" "साडेतीन, बाबा." "माझं घड्याळ बरोबर आहे, तुमच्या सरकारचं चुकतंय." सात महिने सरकारचं चुकायचं, पाच महिने बरोबर असायचं. त्यांना मी कितीदा समजावलं! आता वाटतं, समजावायचं कशाला होतं? न हलणारं घड्याळ त्यांच्याच हातावर होतं.

तर माझं म्हणणं एकच आहे आणि माझ्या घरचे सगळे ते ऐकून कंटाळलेत. घरच्या फोनची वेळ भारताच्या घड्याळाला बांधायची. तुमच्या नाही. सासूबाईंचे रात्रीचे आठ म्हणजे बारा महिने आठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तुमच्याकडे तेव्हा साडेदहा असतील, बाकीचे चार महिने साडेनऊ. बस्स.

"रविवारी साडेनऊ? म्हणजे लवकर उठायचं?" हे तुझ्या नवऱ्याच्या तोंडून मला इथवर ऐकू येतंय. पण नीट बघ. नोव्हेंबरात घड्याळ मागे नेलं, सूर्य नाही नेला. कालचे साडेदहा म्हणजेच आजचे साडेनऊ. अंगाला तो फोन जुन्याच वेळेला वाटणार. तुझ्या पत्रातच पुरावा आहे. "मुलगा पहाटे पाचला उठतो आणि साडेनऊपर्यंत त्याला कुठे गुंतवायचं हेच कळत नाही," असं तूच लिहिलंयस. अगं, मग आजीकडेच गुंतव ना! मार्चमध्ये घड्याळ पुढे जातं, सगळे झोपाळलेले असतात, तेव्हा भारताच्या वेळेला धरलेला फोन आपोआप साडेदहाला येतो, म्हणजे तुम्हाला उशिरापर्यंत लोळता येतं. भारताच्या वेळेला बांधून घेतलं की आपण खरं तर सूर्यालाच बांधलेले असतो. हे कळायला मला दहा वर्षं लागली, म्हणून फुकट वाटते.

भारत घड्याळ का हलवत नाही, असंही एका ओळीत विचारलंयस. हलवून मिळणार काय? लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरचा आठ तासांहूनही लहान. आपल्या महाराष्ट्रात हाच फरक सव्वादोन-अडीच तासांचा. वाचवायला जास्तीचा उजेडच नाही. पूर्वी हलवलं होतं मात्र, दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945, एक तास पुढे. माझी आजी म्हातारपणीसुद्धा कुणी वेळ सांगितली की विचारायची, "जुन्या टायमानं की नव्या?" आम्ही हसायचो. आता दर मार्चमध्ये मी नवऱ्याला तेच विचारते.

भारताची वेळ धरण्याचा दुसरा फायदा ज्यांची भावंडं दोन गोलार्धांत विखुरलीत त्यांना कळेल. माझी बहीण मेलबर्नला. माझं घड्याळ पुढे जातं त्याच सुमाराला तिचं मागे येतं. आमच्या दोघींत हिवाळ्यात (म्हणजे माझ्या हिवाळ्यात) अकरा तास, उन्हाळ्यात नऊ, आणि मधे काही दिवस दहा. कारण ऑस्ट्रेलियाचे बदल ऑक्टोबर आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी, आमचे ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी. एका वर्षी आम्ही दोघींनी आपापसात वेळ ठरवली, त्या दहाच्या आठवड्यात दोघींनी वेगवेगळी गणितं केली आणि आईबाबा दोन्ही फोनांची वाट बघत बसले. तेव्हापासून महिन्याचा तिन्ही घरांचा फोन भारताच्या दुपारी साडेबाराला. मी सकाळी सात किंवा आठला, ती संध्याकाळी सहा किंवा पाचला. आपापला बदल जिने तिने सांभाळायचा, मधला खुंटा हलत नाही. तुमच्यात कुणी युरोपात असेल तर हे कामाला येईल. अमेरिका मार्चमध्ये युरोपच्या दोन-तीन आठवडे आधी घड्याळ पुढे नेते, आणि शरदात युरोप अमेरिकेच्या आठवडाभर आधी मागे येतं. त्या आठवड्यांत डोक्यातलं गणित हमखास चुकतं. (अमेरिकेतल्या ॲरिझोना आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या मंडळींनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. तुमच्याकडचं घड्याळ हलत नाही. सुखी आहात.)

ही गणितं फोनवर सोपवायची असतील तर कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची नोंद करताना वेळेच्या विभागात कोलकाता निवड. भारतीय वेळ तिथे त्याच नावाने असते. मग तुझ्याकडे ती नोंद आपोआप साडेनऊ नाहीतर साडेदहाला दिसेल.

आता सासूबाईंचं. त्यांना समजावून सांगायला जाऊ नकोस की अमेरिकेत असा नियम आहे. तो त्यांना एव्हाना कळलाय. "आई, त्या दिवशी तुम्ही तासभर बसून राहिलात, आमच्या लक्षातच आलं नाही" एवढंच म्हण, आणि पुढच्या रविवारी आठला फोन कर. आणि हो, 'म्हण' हे मी तुला का सांगतेय? आईवडील त्याचे, तुटक बोलणं मात्र तू ऐकलंस, पत्रही तूच लिहिलंस. एवढ्या लांबलचक पत्रात नवरोबा फक्त मीटिंगांपुरते आलेत. फोन त्याने लावावा, ते वाक्यही त्यानेच म्हणावं. घड्याळ बदलायच्या आदल्या रविवारी आजीला बातमी द्यायचं काम मुलाकडे दे. "आजी, पुढच्या रविवारी आमच्याकडे रात्रीचा एक ते दोन हा तास दोनदा येणार आहे!" हे सांगायला पाच वर्षांच्या मुलाला जेवढी मजा येईल तेवढी तुम्हा कुणालाच येणार नाही.

बाकीचं भराभर.

मुलाच्या झोपेसाठी आधीच्या तीन-चार दिवसांत निजायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी सरकव, नोव्हेंबरात उशिराकडे, मार्चमध्ये लवकर. सकाळी उजेडात ने, रात्री दिवे मंद ठेव. तरी आठवडा जातोच. आमच्या दोन्ही मुलांनी सगळे नियम धुडकावले आणि तरी मोठी झाली.

रोजच्या बहुतेक गोळ्यांना एका तासाने फारसं बिघडत नाही, पण घरात कुणाला इन्शुलिन किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचार, मला नको.

साडेचारच्या अंधाराचं दुःख मलाही आहे, इथे तर डिसेंबरात चारच्या आधीच मावळतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत बाहेर पड, थंडी असली तरी. मात्र उदासी दोन-तीन आठवडे हटलीच नाही, तर 'हवामान आहे' म्हणून अंगावर काढू नकोस, डॉक्टरांकडे जा.

मीटिंगांचं तुझा नवरा बघून घेईल.

"हे घड्याळ बदलणं बंद कधी होणार?" युरोपीय संसदेने 2019 मध्ये ठरवलं होतं की 2021 पासून बंद. अमेरिकेच्या सिनेटने 2022 मध्ये कायम पुढचंच घड्याळ ठेवायचं विधेयक मंजूर केलं. दोन्ही अजून पुढे सरकलेली नाहीत. 1974 मध्ये अमेरिकेने भर जानेवारीपासून पुढचं घड्याळ लावून बघितलं होतं, पोरं मिट्ट काळोखात शाळेला जायला लागली आणि त्याच वर्षी तो प्रयोग गुंडाळला. वाट बघू नकोस.

आणि ओव्हनच्या घड्याळाचं विचारलंयस. आमचं ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत एक तास पुढेच असतं. ते बदलायचं पुस्तक कुठल्या खणात आहे, कुणालाच आठवत नाही. मार्चमध्ये आपोआप बरोबर येतं.