डेटाबेसला 'दप्तर' म्हणा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब सांभाळणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे: 'डेटा' आणि 'माहिती' एकच का? आणि डेटाबेसला मराठीत काय म्हणावं?

एकच नाहीत, आणि हे किती वेळा सांगायचं! नुसता '१४२००' हा आकडा म्हणजे डेटा. तो अमुक लॉटच्या ओळीत, 'क्विंटलचा भाव' या रकान्यात, तारखेसकट बसला की माहिती. ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत डेटा बांधण्याचा सिद्धांत संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. हिशेबाची बरीच सॉफ्टवेअर आजही त्याच पायावर उभी आहेत. फील्डला 'रकाना', रेकॉर्डला, म्हणजे एका ओळीला, 'नोंद'. इथे वाद नको.

डेटाबेस म्हणजे असा डेटा नीट मांडून ठेवायची जागा. त्यासाठी 'विदागार' ('विदा' म्हणजे डेटा) सुचवणाऱ्यांनी तो शब्द एकदा अडतीवर उच्चारून बघावा. घरात 'दप्तर' असताना ही उसनवारी कशाला? दप्तर म्हणजे शाळेची पिशवी एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी पेशवे दप्तर आठवावं. तिथे पेशव्यांच्या कारभाराचे कागद रुमालांत, म्हणजे कापडी बस्त्यांत, बांधलेले असतात. हवा तो कागद काढता यावा अशी मांडणी म्हणजे दप्तर. नुसता ढीग नव्हे. 'दप्तरदार', 'दप्तरी दाखल' हे त्याच घरातले.

आणि शब्दाचा प्रवास तर बघा! ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. आयोनियन ग्रीक पपायरसच्या, म्हणजे एका पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाच्या, गुंडाळ्यांनाही 'दिफ्थेरा'च म्हणत, कारण पूर्वी ते कातड्यावर लिहीत, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. तिथून शब्द पूर्वेकडे सरकला, फारसीत 'दफ्तर' झाला आणि मराठीत 'दप्तर'. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाचं 'डिप्थेरिया' हे नावही त्याच कातड्यावरून! काही जण दप्तराचा संबंध जुन्या फारसीतल्या 'दिपि'शी, म्हणजे आपल्या 'लिपी'शी जोडतात. मला ते मुळीच पटत नाही. द-फ-त-र ही चारही व्यंजनं ग्रीक शब्दात ओळीने उभी आहेत. 'दिपि'त 'त' आणि 'र' कुठून आणणार?

तुम्ही जाता जाता लिहिलंय की यादीत लॉट १० हा लॉट ९ च्या आधी येतो. तो रकाना 'अक्षरं' म्हणून बांधलाय. अक्षरांच्या क्रमात आधी पहिलं चिन्ह बघतात, आणि १ हा ९ च्या आधी. सॉफ्टवेअरवाल्याला तो रकाना 'अंक' करून द्यायला सांगा.