पीएस३ वारंवार 'फाइल सिस्टम खराब' म्हणत असेल तर आधी सेव्ह बाहेर काढा

तुमचा पीएस३, म्हणजे प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल, स्लिम मॉडेलचा आहे, आतली १६० जीबीची डिस्क मूळचीच. चालू करताना अधूनमधून 'हार्ड डिस्कवरची फाइल सिस्टम खराब झाली आहे, ती दुरुस्त केली जाईल' असा संदेश येतो आणि अपडेट टाकायला गेलं की ८००२एफ१एफ९ हा एरर येऊन सगळं थांबतं. सेफ मोडमधून (कन्सोलच्या दुरुस्तीच्या मेनूतून) 'रिस्टोर पीएस३ सिस्टम' करायचा सल्ला तुम्हाला मिळालाय आणि ते करू का, असं विचारलंय. कृपया आत्ता करू नका. तो सेफ मोडमधला पाचवा पर्याय आहे आणि तो डिस्क पूर्ण पुसतो. तिसरा, 'रिस्टोर फाइल सिस्टम', त्यामानाने सौम्य, पण जी फाइल त्याला दुरुस्त करता येत नाही ती तो काढून टाकतो. ती नेमकी तुमची सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, असू शकते. शिवाय डिस्कच मरायला टेकली असेल तर एवढी लांबलचक तपासणी तिला झेपेलच असं नाही. नवी डिस्क कधीही मिळेल, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सेव्ह मिळणार नाहीत.

म्हणून कन्सोल जोवर चालू होतोय तोवर हे करा. एक पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइल साठवण्याची एक जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट करून लावा. गेमच्या रकान्यात 'सेव्ह्ड डेटा युटिलिटी' उघडा, एकेका सेव्हवर त्रिकोणाचं बटण दाबून कॉपी करा. लाडक्या गेमपासून सुरुवात करा, कारण डिस्क मध्येच दगा देऊ शकते. काही गेमच्या सेव्ह कॉपी-संरक्षित असतात, त्या अशा निघत नाहीत. त्यांच्यासाठी सिस्टम सेटिंग्जमधली 'बॅकअप युटिलिटी' आहे. तिलाही फॅट३२ चीच बाहेरची डिस्क लागते, आणि या संरक्षित सेव्ह परत टाकताना त्याच कन्सोलवर टाकाव्या लागतात. ऑनलाइन खातं असेल तर ट्रॉफी (गेममध्ये मिळवलेली बक्षिसं) सिंक करून घ्या.

आता मूळ प्रश्न: दोष डिस्कचा की विजेचा? लिहिणं चालू असताना लाईट गेली की चांगल्या डिस्कवरही हाच संदेश येतो. तो फक्त लाईट गेल्यानंतरच्या वेळी येत असेल तर कन्सोल यूपीएसवर घ्या, बहुतेक प्रश्न तिथेच मिटेल. पण व्यवस्थित बंद करूनही तो येत असेल, एकाच गेममध्ये एकाच जागी अडकत असेल, किंवा आतून टिकटिक ऐकू येत असेल, तर डिस्कवर संशय घ्यावाच लागेल.

संशय आकड्यांवरून तपासा. स्लिमची डिस्क खालच्या बाजूने, पुढच्या अंगाला असते. प्लास्टिकचं झाकण सरकवलं की एक निळा स्क्रू दिसतो. तो मऊ असतो. लहान पडणारा स्क्रू-ड्रायव्हर लावून फिरवलात तर त्याचा माथा घासून गुळगुळीत होतो आणि मग पुढचं काम दुप्पट होतं. नीट बसणारा फिलिप्स (चौफुली टोकाचा) घ्या, दाब देऊन सावकाश सोडवा. पट्टी धरून ट्रे बाहेर ओढा, ट्रेचे चार स्क्रू काढा. आतून साधी अडीच इंची साटा (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) डिस्क निघते.

ती यूएसबी केसिंगमध्ये घालून कॉम्प्युटरला लावली की विंडोज लगेच 'डिस्क इनिशियलाइज करा' किंवा 'फॉरमॅट करा' म्हणेल. रद्द करा. आतला डेटा तुमच्याच कन्सोलच्या किल्लीने कुलूपबंद असतो, म्हणून विंडोजला काही कळत नाही. डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडा आणि चार ओळी पाहा: ०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत असलेले, सी६ म्हणजे वाचताच न येणारे, सी७ म्हणजे जोडणीतल्या चुका. हा प्रोग्राम मूळ आकडे सहसा सोळाच्या पायात दाखवतो, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते सोळा समजा.

सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल तर माझ्या मते त्या डिस्कवर भरवसा ठेवायचा काळ संपला. ०५ थोडा असून महिनोन्‌महिने तेवढाच असेल तर चालेल, वाढत असेल तर नाही. फक्त सी७ वाढतोय आणि बाकी स्वच्छ आहे, असं असेल तर डिस्क निर्दोष असू शकते. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, कनेक्टरवर थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजूंचे संपर्क पुसा, पूर्ण वाळू द्या, परत बसवा. जुना सी७ कमी होत नाही, तो पुढे वाढतोय का एवढंच पाहायचं.

आकडे स्वच्छ असतील तरच सेफ मोडकडे वळा. कन्सोल बंद असताना पॉवर बटण दाबा आणि तो चालू होऊन पुन्हा बंद होईपर्यंत धरून ठेवा. सोडा, पुन्हा दाबून धरा. लागोपाठ दोन झटपट बीप आले की सोडा आणि कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा. तिसरा पर्याय आधी, चौथा 'रिबिल्ड डेटाबेस' नंतर. चौथ्याने गेम जात नाहीत, पण संदेश आणि प्लेलिस्ट जातात.

अपडेट मग पेनड्राइव्हवरून द्या. 'पीएस३' फोल्डर, त्यात 'अपडेट' फोल्डर, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि आत फाइल. फाइल दोनदा डाउनलोड झाली असेल तर ब्राउझर नावाला (१) चिकटवतो आणि मग कन्सोलला ती सापडत नाही, एवढं पाहा.

डिस्क बदलायचीच वेळ आली तर जाडी ९.५ मिलिमीटरपर्यंत हवी. २ टीबीच्या बऱ्याच अडीच इंची डिस्क १५ मिलिमीटरच्या असतात, त्या आत जात नाहीत. मी आज साधी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घेईन. पीएस३ ची साटा पहिल्या पिढीची, सेकंदाला १.५ गिगाबिटची, त्यामुळे महागडी घेऊन उपयोग नाही, पण खडखड आणि धक्क्याची भीती जाते. हार्ड डिस्कच घेणार असाल तर आणल्या दिवशीच तिचे चालू तास पाहा. 'नवी' म्हणून घेतलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती वापरलेली आहे, परत करा. नवी डिस्क बसवल्यावर कन्सोल अपडेटची फाइल मागेल, वरचाच पेनड्राइव्ह तयार ठेवा.

संरक्षित सेव्ह अडकल्या असतील आणि बॅकअप मध्येच फसत असेल, तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने तेवढ्याच क्षमतेच्या डिस्कवर सेक्टर-दर-सेक्टर प्रत काढायचा मार्ग उरतो. कुलूपबंद डेटा जसाच्या तसा उतरतो आणि तीच डिस्क त्याच कन्सोलमध्ये लावून पाहता येते. तोवर जुनी डिस्क कुठेही पुसू नका. ०५, सी५ आणि सी७ चे आकडे कळवा, त्यावरून पुढचं पाऊल सांगतो.