नागपूरच्या खाण्यापिण्यावर यूट्यूब चॅनल चालवतो. व्हिडिओत जाहिराती घ्याव्यात का?

घ्या ना! पेट्रोल, एडिटिंगचा खर्च कुठून तरी निघायला हवाच. चॅनल मॉनेटाइझ झालं, म्हणजे यूट्यूबने त्यावर कमाई सुरू करून दिली, की मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचे ५५ टक्के तुमचे. ८ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मधली जाहिरात कुठे यावी, ते मात्र स्वतः ठरवा. पोह्यांवर तर्री पडतानाच जाहिरात आली, तर बघणारा तिथूनच पळतो.

इतवारीतल्या दुकानदाराने थेट पैसे दिले, तर गोष्ट वेगळी. अपलोड करताना सशुल्क प्रमोशनच्या चौकटीवर खूण करा, तोंडानेही सांगा. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे २ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत त्या दुकानाच्या प्रमोशनचा सगळा भाग संपेपर्यंत 'ही जाहिरात आहे' असं लेबल दिसायला हवं. आणि चव कशी सांगायची हेही दुकानदारच ठरवत असेल, तर पैसे परत करा.