उद्यानातली झाडी काढली तर डास कमी होतात का?

थोडे कमी होतात. पण तुम्ही लिहिलंय की शेजारच्या उद्यानातली झुडपं मुळासकट काढून पेव्हर ब्लॉक टाकावेत, असं निवेदन तुमची सोसायटी देणार आहे आणि सही करू की नको असा तुम्हाला प्रश्न पडलाय. करू नका. मी नाशिकमध्ये बागांच्या देखभालीची कामं घेतो, वडिलांचाही हाच धंदा होता. अशाच एका निवेदनापायी मी सांभाळलेली बाग भुईसपाट झाली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

इंदिरानगरच्या बाजूला एका कॉलनीतलं उद्यान माझ्याकडे होतं. कडेनं मेंदीची हेज, तिच्या आत कण्हेर आणि जास्वंद, मागच्या भिंतीला बांबूचं बेट, मधे दोन जुने गुलमोहर आणि त्यांच्या सावलीत कर्दळ. मेंदी मी स्वतः लावून वाढवली होती. एका वर्षी गणपतीच्या सुमारास कॉलनीत डेंग्यूचे पेशंट निघाले. एका शाळकरी मुलीच्या प्लेटलेट्स इतक्या उतरल्या की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. लोक घाबरले, आणि घाबरणारच. मीही बाप आहे.

सभा झाली. समितीचे अध्यक्ष, त्यांना सगळे नाना म्हणतात, उभे राहून म्हणाले, "हे जंगल आहे तोवर डास जाणार नाहीत." मी म्हटलं, नाना, आधी पाणी कुठं साचलंय ते बघू, मग झाडांचं ठरवू. त्यावर नाना चार लोकांत म्हणाले, "हेज गेली की तुझं बिल बंद होईल, म्हणून तू बोलतोयस." हे वाक्य मला अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च, पळी आणि एक पांढरा प्लास्टिकचा वाडगा घेऊन मी सगळी बाग पिंजून काढली. खेळण्यांभोवती जुने टायर अर्धे पुरून लाल-पिवळे रंगवले होते, हल्ली सगळीकडे असतात तसे. टायरच्या आतल्या कडेत पावसाचं पाणी अडकतं आणि ते वरून दिसत नाही. पळीनं काढून वाडग्यात ओतलं तर अळ्याच अळ्या. डोकं खाली आणि शेपटीकडची श्वासाची नळी पाण्याच्या वर, अशा लटकलेल्या. हाताची सावली पडली की सगळ्या एकदम वळवळत तळाला जायच्या आणि जरा वेळानं पुन्हा वर यायच्या. झोपाळ्याच्या एका खांबाचं टोपण उडालेलं होतं, त्या पाइपातही पाणी. बंद पडलेल्या कारंज्याच्या हौदात पाणी, वर कुजका पाला आणि वेफर्सची पाकिटं. स्प्रिंकलरच्या व्हॉल्व्हच्या चेंबरमध्येही तेच.

झाडांकडेही सापडलं, ते लपवत नाही. गुलमोहराची एक फांदी कुणीतरी कधीकाळी वाईट कापली होती. तिथं ढोली होऊन चहाच्या चोथ्याच्या रंगाचं पाणी साचलं होतं आणि त्यात अळ्या होत्या. बांबूही पेरापासून वर कापल्यामुळे बुडख्यांच्या वाट्या झाल्या होत्या. हे सगळं मी नानांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी त्यातलं गुलमोहर आणि बांबू एवढंच ऐकलं. आठवड्याभरात जेसीबी आला. हेज, कण्हेर, कर्दळ, बांबू सगळं गेलं, पेव्हर बसले. टायर राहिले, उलट त्यांना नवा रंग मिळाला. पुढच्या जुलैत त्याच टायरांतून मी पळीभर पाणी काढून समितीतल्या दोघांना दाखवलं. अळ्या होत्याच.

आता मुद्द्याचं. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती. तो साचलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतो: कूलर, पिंप, कुंडीखालची ताटली, टायर. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते आणि ती अंडी महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जगतात. म्हणून उन्हाळाभर ठणठणीत कोरडा असलेला टायर पहिल्या पावसात पुन्हा सुरू होतो. हा डास साधारणपणे जन्मला तिथून काहीशे मीटरच्या आतच राहतो. तेव्हा तुमच्याकडे डेंग्यूचे पेशंट असतील तर उद्यानाआधी स्वतःच्या गच्च्या तपासा. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा असं पालिका दरवर्षी सांगते, ते याच हिशेबानं.

मग झाडीचा संबंध काय? डास उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात टिकत नाही. दाट, जमिनीला टेकलेल्या झुडपात सावली आणि ओल असते, तिथं तो दबा धरून बसतो. नर डास तर फुलांच्या आणि झाडांच्या गोड रसावरच जगतो. मादीलाही तो रस लागतो, रक्त फक्त अंड्यांसाठी. शिवाय गळलेलं पान पाण्यात कुजलं की त्यावर जे जीवजंतू वाढतात ते अळ्यांचं खाणं. म्हणजे झाडावरच्या हिरव्या पानापेक्षा कारंज्याच्या हौदातला पाला जास्त घातक. यावर उपाय झाडं उपटणं हा नाही. झुडपांचा खालचा फूट-दीड फूट मोकळा करा, ऊन-वारा आत जाऊ द्या, पाला उचला. धुराची गाडी येऊन गेली की लोकांना बरं वाटतं, पण धूर त्या वेळी उडणाऱ्या डासांनाच मारतो. दाट झुडपाच्या पोटात तो नीट पोचत नाही आणि पाण्यातल्या अळ्यांना त्याचं काहीच नाही.

आणि नाशिकमध्ये डास वाढवणारी वनस्पती दाखवायची तर मी गोदावरीतल्या पाणवेलीकडे, म्हणजे जलपर्णीकडे, बोट दाखवीन. ती पाण्याचा वेग मारते आणि अळ्यांना माशांपासून आडोसा देते. मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या तर श्वासाची नळी पाणवनस्पतींच्या मुळांतच खुपसतात, वर यायचीही त्यांना गरज नाही. नदीकाठी, गटाराजवळ, सेप्टिक टँकभोवती संध्याकाळनंतर जे थवे खिडकीला येतात ते बहुतेक क्यूलेक्स, घाण पाण्यातले, आणि ते बरंच लांबून येऊ शकतात. त्यासाठी मेंदीची हेज कापून काय होणार? तुम्हाला डास दिवसा चावतात की रात्री, एवढं आधी बघा: दिवसाचा बहुतेक एडिस, रात्रीचा बहुतेक क्यूलेक्स. अर्धं उत्तर तिथंच मिळेल.

तुळस, झेंडू, सिट्रोनेलाच्या कुंड्या ठेवून डास पळतात असं नर्सरीवाले सांगतात. मीही रोपं विकतो आणि सांगतो: नुसतं रोप उभं असल्यानं काही होत नाही. गप्पी मासे कारंज्याच्या हौदात जरूर सोडा, पण नदीत किंवा तळ्यात नको, तिथल्या इतर जीवांना ते त्रासदायक ठरतात.

एक गोष्ट नानांच्या बाजूनंही सांगतो. एडिसचाच दुसरा भाऊबंद आहे, एडिस अल्बोपिक्टस. तो खरोखर झाडीतला. ढोलीत, बांबूच्या बुडख्यात, पानांच्या बेचक्यातल्या पाण्यात वाढतो आणि डेंग्यूही पसरवू शकतो. तेव्हा घाणेरीचं किंवा बांबूचं रान एखाद्याच्या खिडकीला भिडलेलं असेल तर ते जरूर मागे हटवा. बांबू पेरालगत कापा, ढोलीत वाळू भरा. मोठी झाडं तोडायची असतील तर राज्याच्या 1975 च्या झाडं जपण्याच्या कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती सोसायटीच्या सह्यांनी मिळत नाही. पेव्हर दबले की त्यांच्यावरही पाणी साचतं, हेही निवेदनात लिहा. पहिली मागणी मात्र टायर काढण्याची ठेवा.

सभेत तुम्हालाही कुणी विचारेल की झाडांची बाजू घेऊन तुमचा काय फायदा. माझा हिशेब साधा होता. हेजच्या छाटणीचे मला महिन्याला जे मिळायचे, त्याच्या कितीतरी पट ती हेज उपटायचे मिळणार होते. ते काम समितीनं आधी मलाच देऊ केलं होतं. मी घेतलं नाही.