डिस्कस की गप्पी? आधी भाडेकरू परत आणा

साताऱ्याहून एका वाचकांचे पत्र आले आहे. चार पाने, त्यातली साडेतीन माशांवर. थोडक्यात मजकूर असा:

"वय ६१. गेल्या वर्षी एमआयडीसीतल्या खासगी कंपनीतून निवृत्त झालो. माशांची आवड शाळेपासूनची. आता पैदाशीचा छंद मनापासून करायचा आहे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यासाठी रिकाम्या केल्या (भाडेकरू ६,५०० देत होता, पण पाण्यावरून कटकट असायची, मे महिन्यात त्याला जायला सांगितले). डिस्कस, फ्लॉवरहॉर्न, फायटर आणि गप्पी यांपैकी कोणता मासा धरावा? एक व्यापारी डिस्कसच्या ८ जोड्या २ लाखांत देतो आणि पिल्ले प्रत्येकी १५० रुपयांना परत घेण्याची हमी देतो. २ हजार टोकन दिले आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, ते चालेल का? पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे ३२ लाख मिळाले. ४ लाख मुलीच्या लग्नाच्या कर्जात गेले, २० लाखांची एफडी आहे, ५ लाख माशांसाठी बचत खात्यात आहेत. ३ लाख बँकेच्या साहेबांनी एफडीसारख्याच एका गॅरंटीच्या योजनेत घातले, तिचा पुढचा हप्ता ऑक्टोबरात आहे, तो माशांतून निघेल. घरखर्च २६ हजार, पेन्शन ४ हजार."

माशांचे शेवटी बोलू. तुमच्या पत्रातले सगळ्यात महागडे वाक्य माशांविषयी नाहीच. "तिचा पुढचा हप्ता ऑक्टोबरात आहे" हे ते वाक्य.

एफडीला हप्ता नसतो. तुम्हाला दिली ती विमा पॉलिसी. तुम्ही सोबत पाठवलेल्या पहिल्या पानाच्या फोटोत सगळे छापलेले आहे: वर्षाला ३ लाख, ७ वर्षे, पैसे १५व्या वर्षाच्या अखेरीस, ३६ लाख. म्हणजे एकूण २१ लाख भरायचे आणि ७६ व्या वर्षी ३६ लाख घ्यायचे. साहेबांनी कागदावर "१७१% गॅरंटीड" असे पेनाने लिहून गोल केला आहे. भागाकार बरोबर आहे, बनवाबनवी वर्षांत आहे. सात हप्त्यांतला मधला चौथा, तो १२ वर्षे पडून राहतो, म्हणजे सरासरी सगळेच पैसे १२ वर्षे. बारा वर्षांत पैसा दुप्पट व्हायला ६ टक्के पुरतात. दुपटीचे ४२ लाख झाले असते, इथे ३६ मिळतात. म्हणजे साडेचार टक्के. तुमच्या त्याच बँकेची साधी एफडी याहून बरी.

त्याच फोटोत आणखी एक रकाना आहे. व्यवसाय: "स्वतःचा उद्योग". वार्षिक उत्पन्न: "९ लाख". अक्षर तुमचे नाही, सही तुमची आहे. त्यानंतर विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला असेल, "सगळ्याला हो म्हणा काका" असे साहेबांनी आधीच सांगितलेले असेल, आणि तुम्ही हो म्हणाला असाल. गेल्या काही वर्षांत असे फॉर्म मी इतके पाहिले आहेत की आता रागही येत नाही, फक्त पेनाच्या शाईचा रंग बदलतो. निवृत्त माणसाच्या नावापुढे ९ लाख उत्पन्न लिहिल्याशिवाय ३ लाखांचा हप्ता मंजूर झाला नसता, म्हणून ते लिहिले.

आता तुमचा महिना मांडू. पेन्शन ४ हजार. वीस लाखांच्या एफडीचे पावणेसात टक्क्यांनी ११ हजार. झाले १५. खर्च २६. दर महिन्याला ११ हजार कमी. ते कुठून येतात हे पत्रात नाही, बचत खात्यातूनच येत असणार. म्हणजे "माशांसाठी ठेवलेले" ५ लाख मासे येण्याआधीच किराण्यात चालले आहेत. त्यावर पॉलिसीचे वर्षाला ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार. दोन्ही मिळून माशांनी ३६ हजार कमवायचे. गप्पीला दुकानदार ५ रुपये देतो असे धरा. महिन्याला ७,२०० गप्पी. एवढे विकायला सातारा पुरणार नाही, कराडही नाही.

मासे नाही चालले तर उरलेले सहा हप्ते, १८ लाख, तुमच्या २५ लाखांतूनच जाणार. उरतील ७. त्यावर पुढची पंधरा वर्षे दोघांनी जगायचे आणि ७६व्या वर्षाची वाट पाहायची.

म्हणून ऑक्टोबरचा हप्ता भरू नका.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण साहेब तुम्हाला ती सांगून पुन्हा गुंडाळतील. गेलेले ३ लाख विसरून फक्त पुढचा हिशेब केला, तर १८ लाखांचे ३६ होतात, सरासरी साडेअकरा वर्षांत दुप्पट, म्हणजे सहा-सव्वासहा टक्के. तितके वाईट दिसत नाही. पण ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, ते व्याज दर तिमाहीला हातात येते, आणि तुमच्या उत्पन्नावर कर लागत नाही. शिवाय तुमच्याकडे १८ लाख जास्तीचे नाहीतच. ज्याच्याकडे नाहीत त्याला टक्केवारी विचारण्यात अर्थ नाही.

पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेली. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलले आहेत: एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल आणि पहिले पॉलिसी वर्ष पूर्ण झाले असेल, तर सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद केल्यावर, काहीतरी परत मिळते. पूर्वी दोन हप्ते भरल्याशिवाय छदाम मिळत नसे. तेव्हा घाईने आजच सरेंडरचा अर्ज टाकू नका. वर्ष पुरे होऊ द्या, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्या काळात कंपनीकडून लेखी आकडा मागवा: आज सरेंडर केली तर किती, आणि पुढे न भरता तशीच ठेवली तर शेवटी किती. दोन आकडे समोर आले की मला पाठवा.

त्याआधी, याच आठवड्यात, बँकेला आणि विमा कंपनीला लेखी तक्रार करा. त्यात "फसवणूक", "विश्वासघात" असले शब्द नकोत. एवढेच लिहा: मी निवृत्त आहे, अर्जात माझे उत्पन्न ९ लाख व व्यवसाय उद्योग लिहिला आहे तो चुकीचा आहे, तो मी भरलेला नाही, मला ही मुदत ठेव म्हणून विकली, हप्ता परत करा. निवृत्तीचे पत्र आणि पेन्शनचा कागद जोडा. महिनाभरात उत्तर नाही आले किंवा नकार आला, तर बीमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी. त्यांचे कार्यालय पुण्यातही आहे, फी नाही, वकील लागत नाही. ३ लाख परत मिळतीलच अशी हमी देत नाही. हमी देणारे लोक वर येऊन गेलेच आहेत.

आता पैशांची मांडणी. एफडी मोडताना बँक अर्धा-एक टक्का कापेल, कापू द्या. २५ लाखांपैकी २२ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत. महिन्याला सरासरी १५ हजार पडतात. पेन्शन धरून १९. तूट ७ हजार. आणि हे पाहा, ती तूट तुम्ही मे महिन्यातच स्वतःच्या हाताने घराबाहेर काढली: ६,५०० रुपये भाडे. पाण्यावरून कटकट होती तर वेगळा नळ आणि मीटर बसवा. वर्षाचे ७८ हजार आहेत ते. एवढा नफा देणारा मासा मला तरी ठाऊक नाही.

उरलेले ३ लाख हात लावायचे नाहीत, कारण कंपनीचा मेडिक्लेम नोकरीसोबत संपला असणार आणि पत्रात नव्या आरोग्य विम्याचा शब्दही नाही. दोघांच्या विम्याला वर्षाला ४०-५० हजार धरा. तो खर्च २६ हजारांत बसत नाही, हे मला दिसते आहे. महिन्याला चारेक हजार कुठेतरी आवळावे लागतील. आणि हे सगळे आजच्या भावाने. महागाईचे आज बोलत नाही, आधी गळती थांबू दे.

आता मासे. माझ्याकडे पंधरा वर्षे टाकी आहे, त्यामुळे हे थोडे हक्काने लिहितो.

डिस्कसला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागते, २८ ते ३० अंश. तुमच्या गीझरच्या कॉइलवरचा थर सांगतो की तुमचे पाणी बरोबर उलट आहे. म्हणजे आरओ आला. साताऱ्याच्या हिवाळ्यात आठ टाक्यांना आठ हीटर, प्रत्येकी २०० वॅट, दिवसाला १२ तास: १९ युनिट, म्हणजे महिन्याला पावणेसहाशे युनिटांचे बिल. पिल्ले पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात, त्यामुळे अंडी उचलून वेगळी वाढवणे सोपे नाही, आणि आईबापांचे बिनसले तर तेच अंडी खाऊन टाकतात. व्यापाऱ्याचा हिशेब कागदावर गोड आहे: ८ जोड्या, प्रत्येकी महिना ३० पिल्ले, १५० रुपयांनी ३६ हजार. तुमचा खड्डा नेमका तेवढाच निघाला हा योगायोग आहे, पण भूल पडते ती अशाच आकड्याला. परत घेण्याची हमी देणारा खरा धंदा जोड्या विकण्याचा करतो. २०१९ साली तुमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांची अंडी परत घेण्याच्या हमीचे काय झाले, ते तुम्हाला मी सांगायला नको.

फ्लॉवरहॉर्न हा संकर आहे, त्याचे बरेच नर वांझ निघतात, आणि डोक्यावरचा उंचवटा शंभरातल्या मोजक्या पिल्लांनाच नीट येतो. बाकीची कोणी फुकट नेत नाही. सोडा.

फायटर मी एकदा केला. नर बुडबुड्यांचे घरटे करतो, पडलेले अंडे तोंडाने उचलून परत लावतो, पाहत बसावे असे दृश्य. तीन महिन्यांनी १४० पिल्ले होती आणि नर एकमेकांचे पंख फाडू लागले. प्रत्येकाला वेगळी बरणी. हॉर्लिक्सच्या संपल्या, लोणच्याच्या संपल्या, खिडकीत, फ्रिजवर, जिन्यात बरण्या, दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा, नाहीतर काचेतून एकमेकांवर पिसाटतात. रोज त्या सगळ्या बरण्यांचे पाणी. दुकानदाराने १५ रुपये दिले आणि "पुढच्या वेळी निळे आणा" म्हणाला.

राहिला गप्पी. तुमचे जड पाणी त्याला मानवते, मोली माशालाही. मादी साधारण चार आठवड्यांनी २०-५० जिवंत पिल्ले देते, ती पहिल्या दिवसापासून खातात. पण साधा गप्पी विकण्याची स्वप्ने नकोत. डासांसाठी आरोग्य खाते तो फुकट वाटते, आणि दुकानात चेन्नईच्या कोळत्तूरचा माल पिशव्या भरभरून येतो. एकच चांगल्या रंगाचा वाण घ्या, तीन जोड्या, आणि पिल्लांतले नर-मादी महिन्याच्या आत वेगळे करा, कारण मादी एकदा फळली की महिनोन् महिने तोच साठा वापरते आणि वाण बिघडतो. मागच्या पडवीत सहा टाक्या, एक एअर पंप, स्पंज फिल्टर. वीस हजार, त्या ३ लाखांतून एवढेच. वर्षाने जे सुटेल त्यातून माशांचे खाद्य आले तरी छंद फुकटात पडला म्हणायचे. पत्नीच्या नावावर ६० टक्के अनुदान मिळते असे तुम्ही तळटीपेत लिहिले आहे. मत्स्य संपदा योजनेत ते आहे, पण ३ लाखांच्या युनिटवर, आणि खर्च आधी तुमचा. तुम्हाला ३ लाखांचे युनिटच नको आहे.

व्यापाऱ्याला फोन करून जोड्या नको सांगा. २ हजारांचे टोकन तो परत देणार नाही. मागू नका, बोलण्यात तो तुम्हाला चार जोड्यांवर आणेल.