गोळीबाराचा हुकूम कोण देतं?

प्रश्न : थोरल्या मुलाने मोर्चाला जायचं ठरवलं आहे. निःशस्त्र लोकांवर पोलीस थेट गोळ्या झाडू शकतात का? – एक आई, लातूर

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. बेकायदा जमावाला पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रमुख देतो. प्रमुख हजर नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. लोक पांगले नाहीत तर बळ वापरता येतं. पण आधी इशारा, मग लाठी, अश्रुधूर. गोळी सर्वांत शेवटी, तीही जीव वाचवण्यापुरती.

कागदावर हे सगळं नीट आहे. पण ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात काय झालं? बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, म्हणून चिडलेली माणसं रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मेले. पोलीस म्हणाले, जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने मात्र गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा हुकूम देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप झाली ती २००९ मध्ये, आणि लगेच जामीनही मिळाला. बारा वर्षं! मला याचा आजही संताप येतो.

अशा कारवाईसाठी पोलिसावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. दिरंगाईचं एक मूळ तिथे आहे.

मुलाला अडवू नका. मोर्चाला परवानगी आहे का, एवढं विचारा, आणि वकिलाचा नंबर त्याच्या खिशात ठेवा.