बीई मेकॅनिकल, वर्षभर नोकरी नाही: जर्मनीला चान्सनकार्टवर जावं की एमएसला?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: 2025 चा बीई मेकॅनिकल, सीजीपीए 7.8, कॅम्पसमधून काही लागलं नाही, चाकण-रांजणगावात अर्ज करून वर्ष गेलं. घरचे पंधरा लाखांचं कर्ज काढायला तयार आहेत. एजंट म्हणतो चान्सनकार्ट (गुणांवर मिळणारा, नोकरी शोधण्यासाठीचा व्हिसा) काढ आणि थेट जर्मनीत जाऊन नोकरी शोध, मित्र म्हणतात एमएस कर. आणि सगळ्यात शेवटी, जर्मन लागतंच का?

शेवटच्यापासूनच सुरू करतो. लागतं. एमएस इंग्रजीतून होते, पण मेकॅनिकलची नोकरी सहसा इंग्रजीवर मिळत नाही. बर्लिनच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं इंग्रजीवर भागतं, तुला शॉप फ्लोअरवरच्या मेस्त्रीशी आणि सप्लायरशी बोलायचंय. भाषेच्या पातळ्या ए1 पासून सी2 पर्यंत चढत जातात. जाहिरातीत ‘झेअर गूट’ (खूप चांगलं) जर्मन मागितलं असेल तर सी1 समज, नुसतं ‘गूट’ (चांगलं) असेल तर बी2. रोज दीड-दोन तास दिलेस तर शून्यापासून बी1 ला आठ-दहा महिने लागतात. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. एक दिलासा: आपल्याकडे तो-ती-ते असल्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग असतं याचा धक्का बसत नाही. फक्त जुळत नाही. चमचा तिकडेही पुल्लिंगी, पण काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. शब्द लिंगासकटच पाठ करायचा, नंतर दुरुस्त होत नाही.

आता चान्सनकार्ट. हा व्हिसा 1 जून 2024 पासून सुरू झाला. सहा गुण लागतात. तुझे मोजू: वय 35 च्या आत, 2. इंजिनिअरिंग मनुष्यबळाच्या टंचाईच्या यादीत, 1. अनुभव शून्य, म्हणून 0. इंग्रजी सी1 चं प्रमाणपत्र असेल तर 1. झाले चार. उरलेले दोन जर्मन बी1 देतं. इंग्रजी बी2 वरच अडकलं तर जर्मनही बी2 लागेल. म्हणजे ‘जर्मन न शिकता चान्सनकार्ट’ हे एजंटचं गणित तुझ्या बाबतीत बसतच नाही. शिवाय दरमहा 1,091 युरोप्रमाणे वर्षाचे 13,092 युरो दाखवायचे, हातात एकच वर्ष, आणि तोवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. पाच वर्षं अनुभव असलेल्या माणसाला हा रस्ता ठीक आहे. फ्रेशरला तिथली कंपनी विचारते: इथल्या कुणी तुझं काम पाहिलंय का? त्याला उत्तर नसतं.

एमएसचा खरा फायदा तिथेच आहे. डिग्रीपेक्षा शिकताना मिळणारी वेर्कश्टुडंटची नोकरी महत्त्वाची, म्हणजे सेमिस्टर चालू असताना कंपनीत आठवड्याला 20 तासांपर्यंत पगारी काम. पहिली नोकरी बहुधा त्याच कंपनीत किंवा तिच्या ओळखीने लागते. जे चार सेमिस्टर फक्त चांगले ग्रेड मिळवतात आणि थिसिस विद्यापीठाच्याच लॅबमध्ये करतात, ते पुन्हा तिथेच येतात जिथे तू आज आहेस. थिसिस कंपनीत कर.

या नोकरीला अर्ज कसा करायचा? एकच पीडीएफ: एक-दोन पानांचा लेबेन्सलाउफ (बायोडेटा), मार्कशीट, विद्यापीठाचं नोंदणीपत्र, आधीच्या कामाची प्रमाणपत्रं. अर्जाच्या पहिल्या चार ओळींत कधीपासून आणि आठवड्याला किती तास हे लिही. हे नसलं की अर्ज बाजूला पडतो, आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. इंटर्नशिपचा एक बारकावा आहे. तीन महिन्यांपेक्षा मोठ्या ऐच्छिक इंटर्नशिपला कंपनीला किमान वेतन द्यावं लागतं, अभ्यासक्रमात सक्तीची असेल तर नाही. म्हणून कंपन्या सक्तीचीच मागतात. प्रवेश घेतानाच अभ्यासक्रमात ती आहे का बघ.

काम सोडताना मिळणारं प्रमाणपत्र नीट वाच, त्याची भाषा सांकेतिक असते. ‘आमच्या समाधानास उतरले’ एवढंच लिहिलं असेल तर ते काठावर पास. ‘सदैव’ आणि ‘परिपूर्ण समाधान’ हे दोन्ही शब्द हवेत. वाचायला गोड वाटलं म्हणून खूश होऊ नकोस, बदलून माग. तो तुझा हक्क आहे आणि कुणाला राग येत नाही.

विषय निवडताना ऑटोमोटिव्हवरच सगळं लावू नकोस. पुण्याकडच्या मुलांचा ओढा तिकडेच असतो, कारण चाकणला फोक्सवागन, बॉश, झेडएफ डोळ्यांसमोर असतात. याच कंपन्यांनी जर्मनीत मोठी कपात जाहीर केली आहे. फोक्सवागनने डिसेंबर 2024 मध्ये 2030 पर्यंत 35,000 पदं कमी करायचं ठरवलं. रेल्वे, वीजजाळं, वैद्यकीय उपकरणं, एचव्हीएसी (इमारतींचं हीटिंग-एसी) इथे गर्दी कमी आहे. संरक्षण क्षेत्रात भरती आहे, पण सुरक्षा तपासणीमुळे परदेशी पासपोर्टवर दार बहुधा बंद.

पैशांचं बघू. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी बारा लाख इथेच गेले. वर एपीएसचे (तुझी डिग्री खरी असल्याचं प्रमाणपत्र) 18,000 रुपये, युनि-असिस्टचे (विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाला 75 आणि पुढच्या प्रत्येकाला 30 युरो, व्हिसा, विमान. पंधरा लाखांत पहिलं वर्ष निघतं, दुसरं तुलाच कमवावं लागेल. ताशी 15 युरोने 20 तास केले तर महिन्याला 1,290 च्या आसपास, त्यातून पेन्शनचे 9.3 टक्के जातात. म्युनिकला यात हाल होतात, केम्निट्झला मजेत राहशील. सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला 1,500 युरो पडतात आणि म्युनिकच्या टीयूने (तंत्रविद्यापीठाने) 2024 पासून त्याहून बरीच जास्त लावली आहे. एजंट ‘हमखास अ‍ॅडमिशन’ म्हणाला की ते वर्षाला दहा-बारा हजार युरो घेणारं खाजगी विद्यापीठ असणार. त्या कर्जात पडू नकोस.

डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, वाढवून मिळत नाहीत. त्यामुळे ऑफर हातात नसेल तर थिसिस जमा करायची घाई नको. नाव विद्यापीठात असेपर्यंत विद्यार्थी विमा आणि वेर्कश्टुडंटचं काम टिकतं. नाव कमी झालं की विम्याचे एकदम महिन्याला दोनशे युरोच्या वर जातात. डिग्रीनंतर तीन वर्षांत ब्लू कार्डाला (पदवीधरांचा नोकरीचा परवाना) पगाराची अट कमी असते: 2026 साठी 45,934.20 युरो वार्षिक. मुलाखतीत पगार विचारला की हा आकडा डोक्यात ठेव. 44,000 ला हो म्हणून नंतर कपाळावर हात मारणारे खूप. ब्लू कार्ड आणि बी1 असलं की 21 महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, म्हणून या दोन हजारांसाठी आधीच भांडायचं.

आणि एक काम उद्याच कर. जर्मन विद्यापीठं सीजीपीए बायरिश सूत्राने बदलतात. कमाल ग्रेडमधून तुझा वजा कर, कमाल आणि किमान पासिंग यांच्या फरकाने भाग, तीनने गुण, एक मिळव. 7.8 ला पासिंग 4 धरलं तर 2.1 येतात, 5 धरलं तर 2.3. तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि बरेच कोर्स 2.5 च्या वर बघतच नाहीत. तेव्हा विद्यापीठाकडून किमान पासिंग ग्रेडचं सही-शिक्क्याचं पत्र घे. खिडकीवर दोन-तीन फेऱ्या होतील. एपीएसचा अर्जही याच महिन्यात टाक, कारण हिवाळी सेमिस्टरला परदेशी अर्जांची शेवटची तारीख कित्येक ठिकाणी 31 मे असते, काही ठिकाणी मार्चच.